थेट विमान बंद झालं, आता लेकीच्या बाळंतपणाला पोचायचं कसं?

पत्र थोडक्यात असं. ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात राहणाऱ्या एक ताई, वय ५९. यजमान सरकारी हिशोबाच्या एजी ऑफिसातून रिटायर, गुडघे दुखतात. घरात ८६ वर्षांच्या सासूबाई. एकुलती एक लेक पुण्यात वानवडीला, पहिलटकरीण, डॉक्टरांनी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिलीय. मधे काही काळ इथून पुण्याला थेट विमान होतं, त्या भरवशावर दोघं निर्धास्त होते. ते बंद झालं. आता बघावं तर दिल्लीला बदला नाहीतर मुंबईला बदला, मधे कधी पाच तास तर कधी अख्खी रात्र. यजमान म्हणतात हे आपल्याला झेपणार नाही. लेक म्हणते वाडा विका आणि इकडेच या. ताई विचारतात, "आमच्या गावाला कुणी वाली नाही का? सह्या गोळा करून खासदारांना निवेदन द्यावं का? आणि ऐन वेळी पोचलेच नाही तर मी आई कसली?"

ताई,

तुमची शेवटची ओळ मी आधी घेते, विमानाचं-बिमानाचं नंतर बघू. ऐन वेळी पोचले नाही तर आई कसली म्हणताय, पण अहो, तुमच्या वेळी तुमची आई ऐन वेळी पोचली होती का? आमच्याकडे तर आजी महिनाभर आधीच झेलम एक्सप्रेसनं येऊन बसायची, पत्र्याच्या डब्यात डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, आणि आल्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांना कामाला लावायची. बाळंतपणाला ऐन वेळी कुणी जायचंच नाही. हा "सकाळी फोन आला की दुपारी पुण्यात" वाला हिशोब त्या थेट विमानानं आपल्या डोक्यात घातला, विमान गेलं तरी हिशोब तिथेच आहे, तो आधी काढून टाकू. पहिलटकरणीची तारीख म्हणजे अंदाज, दोन आठवडे अलीकडे नाहीतर थोडं पलीकडे. म्हणजे विमान थेट असतं, रोज असतं, तरी तुम्हाला डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघावंच लागलं असतं ना?

दुसरं एक माझ्या लक्षात आलं ते सांगते, रागावू नका. अख्ख्या पत्रात तुम्ही "आम्ही" लिहिलंय. आम्हाला झेपणार नाही, आम्ही कसं बदलणार, आमचं वय. पण सासूबाईंना एकटं ठेवता येत नाही हेही तुम्हीच लिहिलंय, म्हणजे दोघं मिळून महिना-दोन महिने जाणं होणारच नाहीये. जाणार आहात तुम्ही, एकट्या. आणि गुडघे यजमानांचे दुखतात, तुमचे नाही. तुम्ही रोज बाड्याच्या बाजारापर्यंत चालत जाऊन भाजी आणता हे पत्रातच आहे. तर मग "झेपणार नाही" हे नक्की कुणाबद्दल चाललंय? मला वाटतं खरा प्रश्न हा आहे की तुम्ही आजवर दिल्लीत एकटीनं कधी विमान बदललेलं नाहीये, आणि घरात कुणालाच ते मोठ्यानं म्हणायचं नाहीये. यात लाजण्यासारखं काही नाही, पण प्रश्न तो असेल तर त्याचं उत्तर विमान कंपनीकडे नाही मिळायचं.

अजून एक. तुम्हीच लिहिलंय की थेट विमान होतं तेव्हा तीनदा गेलात, त्यातलं एकदा आदल्या दिवशी मेसेज आला की रद्द, मग धावपळ करून गोवा एक्सप्रेसनं गेलात. तीनातलं एक. तरी आठवणीत ते विमान अगदी घरच्या गाडीसारखं उभं आहे. गेलेल्या गोष्टीचं असं होतं खरं.

आता "गावाला वाली नाही का" याबद्दल, कारण हे मला नुसत्या ग्वाल्हेरहून नाही, इतर गावांतूनही लोक लिहितात. वाली नव्हता असं आपल्याला तरी म्हणता यायचं नाही. जुलै २०२१ मध्ये ग्वाल्हेरहून मुंबई, पुणे, अहमदाबाद अशी विमानं सुरू झाली तेव्हा देशाचे विमान वाहतूक मंत्री आपल्याच गावचे होते, ज्योतिरादित्य शिंदे. आपल्याला नवं टर्मिनल मिळालं, त्याचं उद्घाटन झालं १० मार्च २०२४ ला, आणि गंमत बघा, पुण्याच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटनही त्याच दिवशी त्याच कार्यक्रमात झालं. दोन्ही टोकांना नवी कोरी काच, दोन्हीकडे आपल्या माणसांचे फोटो काढून झाले, आणि मधलं विमान तेवढं गायब. म्हणजे इमारत असणं, मंत्री असणं, आणि विमान असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

विमान असतं कशामुळे, तर कंपनीच्या हिशोबामुळे. १९९४ पासून कुठून कुठे उडायचं ते कंपन्या स्वतः ठरवतात. सरकारचा एक नियम आहे, त्याला रूट डिस्पर्सल म्हणतात, की मोठ्या शहरांमधल्या कमाईच्या मार्गांवर उडायचं असेल तर थोडं बाकीच्या देशातही उडावं लागेल. पण "बाकीचा देश" म्हणजे ग्वाल्हेरच असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, त्यांनी इथलं काढून दुसऱ्या कुठल्या गावाला दिलं तरी कोटा भरतो. त्यात एअरबसचं मोठं विमान म्हणजे १८०-१८६ सीटा, ते मंगळवारी दुपारी ग्वाल्हेरहून पुण्याला भरायला तेवढी माणसं हवीत, आणि आपण जातो कधी तर दिवाळीला, मेच्या सुट्टीत आणि लग्नसराईत. त्याच वेळात तेच विमान दिल्ली-मुंबई करून आलं तर त्यांचं जास्त सुटतं. त्यातून मधल्या काही वर्षांत प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांचा घोळ झाला, कंपन्यांची कितीतरी विमानं नुसती जमिनीवर उभी राहिली, आणि विमानं कमी पडली की कात्री आधी छोट्या गावांवर चालते. महाराजपुऱ्याचा आपला विमानतळ मुळात हवाई दलाचा, पुण्याचा लोहगावही हवाई दलाचाच, म्हणजे दोन्हीकडे घरमालक वेगळा आणि आपण भाडेकरू, वेळाही त्यांच्या सोयीनं.

छोट्या गावांना विमान मिळावं म्हणून कंपन्यांना सवलत देणारी सरकारची उडान योजना आहे, तिचंच बघा. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनं २०२३ च्या अहवालात हिशोब मांडला होता: योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झाले ३७१, त्यातल्या ११२ नी सवलतीची तीन वर्षं पूर्ण केली, आणि सवलत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकले ते फक्त ५४. मी हा आकडा घाबरवायला नाही देत आहे. आपल्या गावावर कुणाचा डोळा आहे, आपल्याशीच असं का, हे जे वाटतं ना ते जरा सैल व्हावं म्हणून देतेय. आणि मोठ्या शहरांचंही काही सोन्याचं नाहीये, पायलटच्या विश्रांतीचे नवे नियम आले आणि डिसेंबर २०२५ मध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या विमान कंपनीला माणसं पुरेनात तेव्हा एका दिवसात हजाराहून जास्त विमानं रद्द झाली होती, दिल्ली-मुंबईवाले सुटकेसवर डोकं ठेवून झोपले होते, टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलंय.

निवेदन द्या, नक्की द्या. पण सह्यांपेक्षा त्याला आकडे जोडलेत तर कुणी वाचेल. पुण्यात आपल्या गावची किती मुलं नोकरीला आहेत, कोण कुठल्या महिन्यात जातं, आठवड्यातून तीन दिवस छोटं एटीआर विमान दिलं, ७०-७८ सीटांचं, तर भरेल का, हे चेंबर ऑफ कॉमर्सवाल्यांना सोबत घेऊन मांडा. मोठं विमान रोज मागण्यापेक्षा छोटं विमान तीन दिवस मागणं जास्त पदरात पडण्यासारखं आहे असं मला वाटतं. फक्त त्या निवेदनावर तुमच्या लेकीचं बाळंतपण टांगून ठेवू नका. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी लागतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी, मार्ग जोडणं-काढणं जे काही होतं ते बहुतेक या दोन सांध्यांवर. तिकीट काढताना सांध्याच्या पलीकडची तारीख असेल तर ते तिकीट जरा कच्चं समजायचं. तुमचं परतीचं तिकीट मार्च-एप्रिलचं असणार, ते आत्ता काढूच नका.

आता जायचं कसं.

या सगळ्या प्रवासात डुगडुगणारा तुकडा कुठला ते बघा. दिल्ली-पुणे कधी बंद व्हायचं नाही, दिवसभर विमानं आहेत, एक चुकलं तर दुसरं. डुगडुगतो तो ग्वाल्हेर-दिल्ली किंवा ग्वाल्हेर-मुंबईचा तुकडा, तिथे दिवसातून एखादं विमान, ते गेलं की उद्या, आणि डिसेंबर-जानेवारीत वरून धुकं. मग हा डुगडुगणारा तुकडा विमानानं करायचाच कशाला? ग्वाल्हेर ते दिल्ली रेल्वेनं तीनशे-सव्वातीनशे किलोमीटर, शताब्दी, गतिमान नाहीतर वंदे भारतनं तीन-चार तासांत तुम्ही निजामुद्दीन नाहीतर नवी दिल्लीला, आपली जुनी ताज जरा जास्त वेळ घेते. स्टेशन तुम्हाला विमानतळापेक्षा जवळ, गोला का मंदिर चौकापर्यंत ट्रॅफिकमध्ये अडकणं नाही. नणंद मयूर विहारला असते असं लिहिलंय तुम्ही, निजामुद्दीनहून ते काही लांब नाही. दुपारच्या गाडीनं निघा, रात्री नणंदेकडे जेवा, झोपा, आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या पुढचं दिल्ली-पुणे घ्या. सकाळी सहाचं स्वस्त दिसेल, घेऊ नका, धुक्यात सगळ्यात आधी तीच अडकतात आणि पहाटे तीनला नणंदेला उठवून काय मिळवायचंय.

यात एक गोष्ट आहे, ती लपवत नाही. गाडी लेट झाली आणि विमान चुकलं तर विमान कंपनी काही देणं लागत नाही, दोन वेगळी तिकिटं आहेत. मधली रात्र त्यासाठीच ठेवलीय. त्या रात्रीचा खर्च म्हणजे नणंदेला नेलेला तीळ-गुळाच्या गजकचा डबा, बस.

दिल्लीला ज्यांचं कुणी नाही, किंवा ज्यांची मुलं बंगळुरू-हैदराबादला आहेत आणि ज्यांना सरळ इथूनच विमानात बसायचंय, त्यांच्यासाठी सांगते. कनेक्टिंग तिकीट एकाच पीएनआरवर काढा. एक नंबर, दोन्ही विमानं त्यात. मग पहिलं लेट होऊन दुसरं चुकलं तर पुढच्या विमानात बसवणं ही त्यांची जबाबदारी, आणि एकाच कंपनीचं असेल तर सामान सहसा इथे दिलं की थेट शेवटच्या गावी निघतं, तरी काउंटरवर तोंडानं विचारायचंच, "बॅग पुण्यालाच मिळेल ना?", आणि बॅगेच्या चिठ्ठीवर शेवटच्या गावाचा कोड आहे का बघायचं, पुण्याचा पीएनक्यू असतो. दोन वेगळी तिकिटं काढलीत तर दिल्लीत बॅग घ्या, बाहेर या, परत लाइनीत लागा.

मी स्वतः यात तोंडावर आपटलेय. काही वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला नागपूरला जायचं होतं, दिल्लीहून बदलायचं, दोन कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं काढून अकराशे रुपये वाचवले म्हणून आठवडाभर घरात मिरवत होते. पहिलं विमान अडीच तास लेट. दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवरचा मुलगा अगदी गोड आवाजात म्हणाला, मॅडम तुम्ही आलाच नाहीत असं दाखवतंय. मी समोर उभी आहे आणि मी आलेच नाही! नवं तिकीट काढलं, सीमंतपूजन हुकलं, आणि ते अकराशे रुपये आमचे हे अजून काढतात दर दिवाळीला.

मधे वेळ किती ठेवायचा? साइट तुम्हाला ५५ मिनिटंवालंही दाखवते, तिच्या हिशोबात ते बसतं. आपल्या वयाला, आपल्या धुक्याला, दोन-अडीच तासांच्या खाली नको, साडेतीनपर्यंत चालेल, त्यापुढे मात्र कंटाळाच. आणि टर्मिनल बघा. दिल्लीत दोन आणि तीन जवळजवळ आहेत, पायी जाता येतं, एक नंबर पार वेगळीकडे, बसनं जावं लागतं. एकाच टर्मिनलवर उतरणं-चढणं असेल तर दोनशे-चारशे जास्त गेले तरी तेच घ्यायचं. मेट्रोनं येणाऱ्यांसाठी, नवी दिल्ली स्टेशनहून एअरपोर्ट एक्सप्रेस जाते ती तीन नंबरला, वीसेक मिनिटांत. एक नंबरला जायचं तर ती नाही, मजेंटा लाइन. लोक इथे हमखास चुकतात.

डिसेंबर-जानेवारीत बदलायचं गाव दिल्लीच हवं असंही नाही. नकाशावर उलटं वाटेल, पण इथून मुंबई किंवा बंगळुरू मिळत असेल आणि पुढे जायचं असेल तर त्या दिवसांत दिल्लीपेक्षा ते बरं, निदान एका टोकाचं धुकं तरी वाचलं. आणि दिवसातलं शेवटचं कनेक्शन कधीच नको. त्याच्यामागे अजून एक-दोन विमानं असतील असंच बघून घ्यायचं.

येताना सगळा हिशोब उलटा होतो बरं का. पुण्याहून दिल्लीला पोचलात आणि ग्वाल्हेरचं ते एकुलतं विमान चुकलं किंवा रद्द झालं, तर विमानतळावर बसून रडायचं नाही, थेट स्टेशन गाठायचं. म्हणजे परत येताना डुगडुगणारा तुकडा शेवटी येतो आणि त्याला रेल्वेचा पर्याय हाताशी असतो. म्हणून ज्यांना विमानानंच करून बघायचंय त्यांनी पहिल्यांदा येताना करून बघावं, जाताना नको.

रद्द झालंच तर हक्क काय ते तोंडपाठ ठेवा, विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचे, डीजीसीएचे, नियम आहेत. कंपनीनं रद्द केलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड तुमची, "क्रेडिट शेल घ्या", म्हणजे पैसे पुढच्या तिकिटासाठी आमच्याकडेच जमा ठेवा, म्हणाले तर घ्यायलाच हवं असं नाही. २४ तास आधीसुद्धा कळवलं नाही आणि चूक त्यांची असेल तर वर भरपाई आहे: एक तासापर्यंतचं उड्डाण असेल तर ५,०००, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा मूळ भाडं अधिक फ्युएल चार्ज, यातलं जे कमी असेल ते. धुकं, वादळ असल्या कारणांना ही भरपाई लागू नाही. सहा तासांहून जास्त लेट होणार असेल तर दुसरं विमान किंवा रिफंड मागता येतो. तक्रार कंपनीकडे लेखी करा, नाही ऐकलं तर सरकारचं एअरसेवा नावाचं ॲप आहे तिथे.

आणि यातली सगळ्यात साधी, सगळ्यात जास्त लोक चुकतात ती गोष्ट. तिकिटावर फोन नंबर तुमचा हवा. जावई प्रेमानं तिकीट काढतात, नंबर स्वतःचा देतात, मेसेज त्यांच्याकडे जातो आणि ते मीटिंगमध्ये असतात. एजंटनं काढलं तर एजंटचा नंबर. मग कंपनी म्हणते आम्ही कळवलं होतं. तुमचा नंबर नसेल तर भरपाईही हातची जाते, नियमातच तसं आहे. जावयांना स्पष्ट सांगा, नंबर माझा टाका, ईमेल तुमचा टाका.

आता एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, नको बाई, मी आपली गोवा एक्सप्रेसनंच जाते. तर जा! मी त्याला कमी लेखत नाही. संध्याकाळी इथे बसायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या सुमारास पुणे, कुठे बदलणं नाही, पंधरा किलोची कटकट नाही. ४५ च्या वरच्या एकट्या बाईला लोअर बर्थच्या कोट्यातून मागता येतं, फक्त उशीर करू नका, बुकिंग आता ६० दिवस आधीच उघडतं, म्हणजे दहा डिसेंबरला जायचं तर अकरा ऑक्टोबरला सकाळी फोन हातात घेऊन बसायचं. झेलमपेक्षा मी गोवा एक्सप्रेस म्हणते त्याचं कारण झेलम जम्मूहून धुक्यातून येते, गोवा निजामुद्दीनहून सुटते, तिला आपल्यापर्यंत लेट व्हायला अंतरच कमी. माझं स्वतःचं मत विचाराल तर जाताना दिल्ली-नणंद-विमान करावं, कारण एकदा एकटीनं केलंत की पुढच्या दहा वर्षांचा प्रश्न मिटतो, पण पाठ दुखत नसेल आणि सामान जास्त असेल तर रेल्वे आहेच. दोन्हीची तिकिटं काढून एक नंतर रद्द केलं तरी रेल्वेचे थोडेच कापतात, वेळेत केलं तर.

यजमानांचं. त्यांना आत्ता हलवूच नका. ते सासूबाईंपाशी राहतील, दुपारी चार तास एखादी बाई लावा. बारसं बाराव्या दिवशीच हवं असं आता कोण धरून बसतं, फेब्रुवारीच्या शेवटी ठेवा, धुकं संपलेलं असतं, तोवर बाळाची मानही जरा सावरलेली असते. तेव्हा पाच-सहा दिवस दिल्लीच्या नणंदबाई आईकडे येऊन राहतील का ते आत्ताच विचारून ठेवा, त्यांनाही आईजवळ राहायला मिळेल. यजमानांचं तिकीट एका पीएनआरवर, मधे तीन तास, आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागायची, निदान ४८ तास आधी तरी. व्हीलचेअर म्हटलं की पुरुषांना अपमान वाटतो, आमच्याकडेही वाटला होता. त्यांना एवढंच सांगा की त्या खुर्चीसोबत एक माणूस येतो, त्याला सगळे गेट आणि सगळ्या लिफ्ट माहीत असतात, सिक्युरिटीलाही वेगळी लाइन मिळते. आमचे हे आता खुर्ची मिळाली नाही तर चिडतात.

वाड्याचं काय? लेक म्हणते विका आणि या. ती पोटुशी आहे, आई जवळ हवी असं वाटणारच, त्या वाटण्याला वाड्याच्या खरेदीखताशी जोडू नका. विमानाचं वेळापत्रक सहा महिन्यांचं असतं, ते बदललं म्हणून वाडा विकायचा आणि पुढच्या ऑक्टोबरात विमान परत सुरू झालं तर? उद्या तुम्हालाच वाटलं की जिने चढवत नाहीत, गल्लीत ओळखीचं कुणी उरलं नाही, नातवाजवळ राहायचंय, तर जरूर बोला, विकणं म्हणजे काही पाप नाही. पण ते बोलणं बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, सासूबाईंना सोबत बसवून, आणि त्यात विमान हा शब्द न काढता. तोवर लेकीला एवढंच कळवा की आई दहा-अकरा डिसेंबरला येतेय आणि मार्चपर्यंत आहे. बघा तिचा पुढचा फोन वाड्यावरून येतो की कुठल्या खोलीत तुमची कॉट टाकायची यावरून.

हां, आणि सामान. बहुतेक कंपन्यांत देशातल्या देशात चेक-इनला १५ किलो आणि हातात ७, घरीच काट्यावर तोलून घ्या. तुपाची बरणी आणि लोणचं हातातल्या पिशवीत नको, सिक्युरिटीला काढून घेतात, चेक-इनमध्ये नीट बांधून टाका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या अजिबात नेऊ नका, त्या पेट घेणाऱ्या मालात धरतात, बॅग उघडायला लावतात. खोबरं इथेच किसून लाडवात घाला. गजक मात्र हातातच ठेवा, चेक-इनमध्ये गेली की तिचा भुगा होतो, आणि दोन डबे जास्तीचे घ्या, एक नणंदेला लागेलच.